याकोब मास्तरांच्या घरातली दोन मांजरं

याकोब मास्तरांच्या घरात मांजर कधीच नव्हतं. बेलापुरात मिशनच्या शाळेमागे एक लहानशी आळी आहे, तिच्यातलं शेवटचं घर त्यांचं. पुढे बाक टाकलेला ओटा, आत दोन खोल्या, आणि मागे बनुबाईच्या परसाला लागून निवडुंगाचं कुंपण. शाळेत होते तेव्हा मास्तर तिसरीच्या मुलांना मांजरावरचा धडा शिकवायचे. "मांजर हा उपयुक्त प्राणी आहे," असं फळ्यावर लिहायचे आणि पुढच्या प्राण्याकडे वळायचे. मांजराशी त्यांचा संबंध एवढाच.

मग रोझीबाई गेल्या. दिवाळीच्या आधी, चार दिवसांच्या तापानं. आणि थंडी पडता पडता घरात उंदीर आले.

आले म्हणजे सगळीकडे आले. पण त्यांचा खरा डोळा मृदंगावर होता. हा मृदंग मास्तरांच्या वडिलांचा. वडील गावातल्या भजनात वाजवायचे. बाप्तिस्मा घेतला तेव्हा भजनातली जागा सुटली, मृदंग सुटला नाही. तो त्यांनी देवळातून चर्चमध्ये आणला आणि ख्रिस्ती कीर्तनाला वाजवू लागले. पुढे मास्तरांनी तो हातात घेतला. शिसवी खोड, काळंभोर झालेलं. उजव्या तोंडाला शाई लावलेल्या कातड्याची पुडी, डाव्या तोंडाला मोठी पुडी. वाजवायला बसण्याआधी डाव्या पुडीवर भिजवलेल्या कणकेचा गोळा थापायचा. त्याच्याशिवाय मृदंगाला खालचा, पोटातला आवाज येत नाही. मास्तर हातपाय धुऊन बसले की रोझीबाई संध्याकाळच्या कणकेतला गोळा आणून त्यांच्या तळहातावर ठेवत. दोघांचं त्या वेळी काही बोलणं होत नसे. गोळा ओला असे आणि रोझीबाईंची बोटंही.

मृदंगाचा एक श्रोतृवर्गही होता. बनुबाईच्या कोंबड्या. वाजवणं संपलं की त्या कुंपणाच्या फटीतून एकापाठोपाठ एक येत आणि मास्तरांच्या मागल्या दाराशी गोळा होत. मास्तरांना त्याचं मोठं अप्रूप. एकदा कापणीच्या सणाला त्यांनी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतं, की देवाची स्तुती माणसालाच कळते असं नाही. माझ्या दारी रोज पाखरं येतात. पुढच्या रांगेत रोझीबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. तिला भरून आलं, असं मास्तरांना वाटलं.

रोझीबाई गेल्यावरही कोंबड्या काही आठवडे आल्या. दाराशी उभ्या राहत, मान वाकडी करून आत बघत, आणि परत जात. मग यायच्या बंद झाल्या. त्यांनाही रोझीचं कळलं असावं, असं मास्तरांच्या मनात आलं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

मास्तर एकटे झाले आणि त्यांचं वाजवणं वाढलं. कणीक आता स्वतःच भिजवायची, स्वतःच थापायची. वाजवून झालं की मृदंग कोपऱ्यात चटईवर आडवा ठेवून ते ओट्यावर येऊन बसत. सकाळी बघावं तर डाव्या पुडीवर बारीक दातांचे ओरखडे. एके दिवशी तिथे बोट जाईल एवढं भोक. नगरहून नवी पुडी चढवून आणली. तिच्यावरही ओरखडे उमटू लागले.

संक्रांतीच्या सुमारास करुणा आली. मास्तरांची ही एकुलती मुलगी पुण्याच्या एका इस्पितळात नर्स होती. तिनं आईची पेटी उघडली, जांभळी साडी बाहेर काढली आणि तशीच मांडीवर धरून बसली. काठ कुरतडलेला होता.

"पप्पा, हे असं चालणार नाही."

"मी सापळा लावतो की."

"सापळ्यात काय लावता?"

"भाकरी."

"आणि स्वतः काय खाता?"

करुणानं साडी घडी करून पिशवीत घातली. "आईचं घर उंदरांनी खावं आणि तुम्ही बाहेर बाकावर बसून राहावं, हे मला तिथे झोपू देत नाही. ईस्टरला येते. होल्डॉल घेऊन येते. तुमचं अंथरूण बांधू आणि जाऊ."

"मृदंग?"

करुणा हळूच म्हणाली, "क्वार्टर्समध्ये रात्रपाळीच्या मुली दिवसभर झोपलेल्या असतात, पप्पा. कपाटावर ठेवू. नीट कापडात गुंडाळून."

"म्हणजे वाजवायचा नाही."

करुणानं पिशवीचा बंद आवळला.

"आणि उंदीर गेले तर? घर नीट दिसलं तर?"

"तर बघू," करुणा म्हणाली.

त्या 'तर बघू'वर मास्तर ईस्टरपर्यंतचे दिवस ढकलणार होते.

"मांजर पाळा, मास्तर," बनुबाई कुंपणापलीकडून म्हणाली. बनुबाई ही शेतकऱ्याघरची विधवा बाई. शेत दीर कसत होता, कोंबड्या आणि आळीची खबरबात ती सांभाळत होती. "मांजराबिगर ह्ये न्हाई मिटायचं. माज्या दिराच्या वस्तीवर लई मांजरं हायती. दिराच्या पोराला, कारभारीला सांगते, एक घिऊन यील."

कारभारी दुसऱ्याच दिवशी पोतं घेऊन आला. मांजर नव्या घरी न्यायचं तर पोत्यात घालून, तोंड बांधून न्यायचं, म्हणजे त्याला परतीची वाट दिसत नाही, असा त्यांच्याकडचा रिवाज. पोतं ओट्यावर सोडलं तसं त्यातून करड्या अंगाची, काळ्या पट्ट्यांची एक मांजरी निघाली. अंगानं सडपातळ, एक कान जरासा फाटलेला. तिनं मास्तरांकडे पाहिलंही नाही. सरळ आत गेली, भिंतीच्या कडेकडेनं दोन्ही खोल्या हुंगून आली आणि कणगीमागे दिसेनाशी झाली.

"हिचं नाव?" मास्तरांनी विचारलं.

कारभारी हसला. "नाव? मांजराला? मास्तर, आमच्या बैलांना नावं ठिवता ठिवता जीव जातो."

सकाळी उंबऱ्यावर मेलेला उंदीर. दुसऱ्या सकाळी आणखी एक. मास्तरांनी खुशीत तिच्यापुढे दुधाची वाटी ठेवली. करडीनं ती मास्तर तिथून हलल्यावर प्यायली. हात लावू गेलं तर अंग चोरून सरकायची. मांडीवर येणं तिला माहीत नव्हतं. पण काम चोख. रोज एक उंदीर मारून उंबऱ्यावर ठेवायची, हजेरी लावावी तशी.

गंमत अशी, की उंदीर संपत नव्हते. रोज एक मरत होता आणि तरी पुडीवर ओरखडे होतेच. जणू साऱ्या बेलापुरातले उंदीर रांग लावून मास्तरांकडे येत होते. वर दुसरंच एक लचांड उभं राहिलं. करडीनं बनुबाईच्या कोंबड्यांवर झडप घातली. मेली कोणी नाही, पण एका तलंगेची, कोवळ्या कोंबडीची, शेपटी गेली.

"मास्तर, मी मांजर दिलं त्ये उंदरासाठी," बनुबाई ती उघडी पडलेली तलंग काखेत धरून दाराशी आली. "माज्या कोंबड्या तिच्या हजेरीत कुनी घातल्या?"

"बनुबाई, ती तुमच्याच वस्तीवरची आहे."

"व्हय, पन आता तुमच्या घरची हाय. पोरगी नांदायला गेली की तिचं वागनं सासरच्यांनी बघायचं."

मास्तरांना हसू आलं. रोझीबाई गेल्यावर आपण आवाज काढून हसलो ते आज, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

मार्चात निवडणुकीचे भोंगे थांबले आणि आळी पुन्हा शांत झाली, तेव्हा पाळक प्रभुदास नगरहून एक झाकणाची टोपली घेऊन आले. प्रभुदास मास्तरांचेच विद्यार्थी. आता उपासना चालवत, तरी ओट्यावर येताना चपला दूर काढत.

"गुरुजी, नगरच्या मिशन बंगल्यातल्या मिसबाई कायमच्या परत चालल्यात. त्यांचं मांजर बरोबर नेता येत नाही. साखर कारखान्याचे एक साहेब घेतो म्हणालेत. पण मिसबाई म्हणाल्या, आधी जिथे खरंच गरज असेल तिथे विचारा. मला तुमची आठवण झाली."

त्यांनी झाकण उघडलं. आत एक पांढरा ढीग होता. ढिगाला हळूहळू एक चपटं तोंड आणि दोन पिवळे डोळे फुटले.

"हे मांजर आहे?" मास्तर म्हणाले.

"पर्शियन आहे, गुरुजी. इराणी जात. हिचं नाव डेझी. फार गरीब आहे."

"उंदीर मारते का?"

प्रभुदास जरा घुटमळले. "बंगल्यात कधी उंदीर पाहिला असेल असं वाटत नाही. पाव दुधात कुस्करून खाते. थोडे दिवस ठेवून बघा. नाहीच जमलं तर साहेबांकडे पोचवतो."

दोघी एका घरात राहणं शक्य नव्हतं. करडीनं टोपलीकडे पाहूनच शेपूट फुगवली. कारभारी तिला तेवढ्या दिवसांपुरतं वस्तीवर घेऊन गेला.

डेझीचं आणि नगर जिल्ह्याच्या उन्हाचं पहिल्या दिवशीच जमेना. दुपारी ती पाण्याच्या माठाखाली, ठिबकणाऱ्या ओल्या जागेवर पोट टेकून पडायची. केसांच्या गाठी व्हायला लागल्या. प्रभुदास तिचा ब्रश आणायला विसरले होते. मास्तरांनी आधी बोटांनी गाठी सोडवून पाहिल्या. मृदंगाला सरावलेली बोटं, पण केसांत अडखळत होती. मग ते कोनाड्यापाशी गेले. तिथे रोझीबाईंची लाकडी फणी अजून तशीच होती. ती हातात घेऊन ते थोडा वेळ उभे राहिले. मग बसले आणि डेझीचे केस विंचरू लागले. डेझीनं डोळे मिटले आणि तिच्या गळ्यातून एक आवाज सुरू झाला, बारीक, सलग. मास्तरांनी हात थांबवला. आवाज थांबला. हात चालू केला, आवाज चालू झाला. "ठेका धरते," ते स्वतःशीच म्हणाले.

पण खरं नवल वेगळंच होतं. डेझी आल्यापासून उंदीर नाहीसे झाले. उंबऱ्यावर मेलेला नाही, कोपऱ्यात जिवंत नाही. पुडीवर एक ओरखडा नाही. दिवसचे दिवस. आणि डेझीनं पंजासुद्धा उचलला नव्हता.

बनुबाईला हे पटेचना. ती ओट्यावर येऊन बाकाच्या टोकाला बसली आणि डेझीकडे निरखून बघू लागली.

"मारलेला उंदीर दावला हिनं कदी?"

"एकही नाही."

"मग गेलं कुठं?"

"तेच कळत नाही. करडी रोज एक मारायची आणि तरी ते रोज यायचे. ही एकही मारत नाही आणि एकही येत नाही. आता तुम्हीच सांगा, चांगलं मांजर कोणतं?"

बनुबाईनं बराच विचार केला. "करडी म्हंजी आमच्यावानी. राबती, दिसतंय राबलेलं. आन् ही बंगलेवाली... उंदरांना वाटलं आसंल, सायब आलाय. पळाली."

"करडीला सांभाळावं लागत नाही," मास्तर म्हणाले. "ती आपलं आपण बघते. हिला दूध हवं, पाव हवा, ओली जागा हवी, रोज विंचरायला हवं. उन्हाळा अजून पुढे आहे."

"आन् कोंबड्या?"

"काय कोंबड्या?"

"आवं, ही त्यांच्याकडं बघत बी न्हाई. काल माजी तलंग हिच्या म्होरनं गेली. हिनं जांभई दिली. माज्याकडनं इचाराल तर बंगलेवाली ठिवा." मग जरा थांबून म्हणाली, "पन तुमाला उंदरासाठी पायजे. लेक यायची हाय. इकडं सायब जाईल आन् उंदीर परत येतील, मग?"

मास्तरांना तीच धास्ती होती. जे कसं झालं हे कळत नाही, ते उद्या उलटंही होऊ शकतं. करडीचं काम डोळ्यांना दिसत होतं. इराणी जातीत काही गुण आहे की नुसता योगायोग, हे ठरवायला त्यांच्यापाशी ईस्टरपर्यंतचेच दिवस होते. आणि कारखान्याचे साहेब डेझीसाठी प्रभुदासांकडे निरोपावर निरोप पाठवत होते.

उलगडा झाला तो ईस्टरच्या आधीच्या, पाम रविवारच्या आदल्या संध्याकाळी. मास्तरांनी नेहमीसारखा मृदंग वाजवला, चटईवर आडवा ठेवला आणि ओट्यावर आले. माठातलं पाणी प्यायचं राहिलं म्हणून लगेच परत आत गेले, आणि दारातच थांबले.

डेझी मृदंगापाशी होती. पुढचे दोन्ही पाय खोडावर टेकवून ती डाव्या पुडीवरची कणीक चाटत होती. घाई नाही, चोरी नाही. खरखरीत जिभेनं कडेकडेनं आत येत, रोजचं काम असावं तशी. गोळा संपला. मग तिनं पुडीही चाटून काढली आणि पांढऱ्या मिशांना लागलेलं पीठ पुसत बसली.

मास्तर रागावणार होते. त्यांनी वाकून पुडीवर हात फिरवला. ती ओलसर होती आणि स्वच्छ, आरशासारखी स्वच्छ. हात तिथेच राहिला.

उंदीर कातड्यासाठी येतात, असं ते धरून चालले होते. उंदीर कणकेसाठी येत होते. रोज संध्याकाळी मास्तरच त्यांना ताट वाढून ओट्यावर जाऊन बसत होते. करडी बिचारी पंगतीतला एकेक उचलत होती आणि यजमान दुसऱ्या दिवशी पुन्हा आवतण देत होता.

मग दुसरा विचार आला आणि मास्तर चटईवर बसले. कणीक इतकी वर्षं पुडीवर पडत होती. मग इतकी वर्षं उंदीर का आले नाहीत?

वाजवायला त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. बोल, ठेका, बोटांची ठेवण, वादी ओढून सूर कसा चढवायचा, सगळं. पण वाजवून झाल्यावरचं काम त्या घरात आईचं होतं आणि या घरात रोझीचं. ते त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. मृदंग खाली ठेवला की तो पुढच्या वेळी स्वच्छ मिळतो, एवढंच त्यांना माहीत होतं.

ते उठून मागल्या दारी गेले. बनुबाई परसात खुराड्याचं दार लावत होती.

"बनुबाई, पूर्वी तुमच्या कोंबड्या रोज माझ्या दारी यायच्या."

"यायच्या की."

"कशाला यायच्या?"

बनुबाईचा हात खुराड्याच्या कडीवर थांबला. "आता इचारताय व्हय?"

"सांगा तर."

"रोझीबाई कनीक टाकायच्या. तुमचा मुरदुंग थांबला की त्या चमच्यानं खरवडून काढायच्या, फडक्यानं पुसायच्या आन् हितं दारात बारीक बारीक टाकायच्या. कोंबड्यांना म्हाईत झालं हुतं. मुरदुंग थांबला की धूम. मला त्यांना हाकारावं बी लागत न्हवतं." ती बोलता बोलता मास्तरांच्या तोंडाकडे बघून थांबली. "का? तुमाला काय वाटलं हुतं?"

मास्तर खाली बघून म्हणाले, "मला वाटलं, त्यांना स्तुती ऐकायला आवडते."

बनुबाईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलू लागले. आणि ते बघता बघता मास्तरांना चर्चमधली पुढची रांग दिसली.

"मला सांगितलं का नाही कोणी?"

"रोझीबाईंनी बजावलं हुतं ना! म्हनल्या, बने, मास्तरांना सांगू नको हां. हिरमुसतील. त्यांना वाटू दे काय वाटतंय त्ये." बनुबाई हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. "आमी दोघी लई हसायचो, मास्तर. वाईट वाटून घिऊ नका."

मास्तरांनी वाईट वाटून घेतलं नाही. ते बराच वेळ कुंपणापाशी उभे राहिले, एवढंच.

तेव्हा आता मांजराची गरजच उरली नव्हती. एक चमचा आणि एक फडकं, एवढ्यानं काम भागत होतं. दोन्ही मांजरं परत पाठवली असती तरी उंदीर आले नसते. प्रभुदास पाम रविवारच्या उपासनेनंतर ओट्यावर येऊन म्हणाले, "मग गुरुजी, डेझीला साहेबांकडे पोचवू?"

मास्तर म्हणाले, "नको."

"पण आता उंदीर—"

"उंदरांसाठी नाही." मास्तरांनी मागल्या दाराकडे बोट केलं. "इथे पुन्हा कोंबड्या यायला हव्यात. करडी असली तर त्या येणार नाहीत. ती कामाची आहे. तिला काम असलेल्या घरी राहू दे. हिला काही काम येत नाही, म्हणून ही इथे चालेल." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि रोज विंचरायचं असतं. ते मला जमतं आता."

करडीला आता कायमची वस्तीवरच राहू द्या, हे सांगायला मास्तर स्वतः गेले. तिच्यासाठी दुधाची बाटली घेऊन गेले होते. करडी गव्हाणीवर बसली होती. तिनं मास्तरांकडे एकदा पाहिलं, दूध प्यायली आणि गवताच्या गंजीवर चढून गेली. वळूनसुद्धा बघितलं नाही. एवढे उंदीर मारले आणि ओळख नाही, असं मास्तरांना परतीच्या वाटेवर वाटत राहिलं.

शनिवारी दुपारी करुणा आली. हातात बॅग, खांद्याला रिकामा होल्डॉल. ओट्याची पायरी चढली आणि किंचाळून मागे सरकली.

उंबऱ्यावर मेलेला उंदीर होता. चांगला टपोरा.

"पप्पा!"

मास्तर धावत आले. उंदराकडे बघितलं, मग कुंपणाकडे. निवडुंगाच्या पलीकडे करड्या शेपटीचं टोक हलत होतं. वस्तीवरून इथवरची वाट तिनं पोत्यातूनच पाहून ठेवली होती की काय कोण जाणे.

"तो आपल्या घरचा नाही," मास्तर म्हणाले.

"उंदीर आपल्या घरचा नाही?"

"वस्तीवरचा आहे. भेट म्हणून आलाय."

करुणानं वडिलांच्या तोंडाकडे नर्स बघते तसं निरखून बघितलं. मग आत आली. पेट्या उघडून पाहिल्या, कणगीमागे वाकून पाहिलं, कोपरे पाहिले. माठाखाली पांढरा ढीग पाहिला आणि त्याच्या बाजूला ठेवलेली आईची फणी पाहिली. फणीत पांढरे केस अडकले होते. तिनं होल्डॉल भिंतीशी टेकवून ठेवला.

संध्याकाळी मास्तर हातपाय धुऊन बसले. उद्याच्या सणाच्या कीर्तनाचे बोल पुन्हा पुन्हा घोळवत वाजवत राहिले. डेझी पुढ्यात बसली होती, डोळे मिटून. वाजवणं थांबलं. मास्तरांनी फळीवरचा चमचा घेतला, मृदंग डावी पुडी वर करून मांडीत धरला आणि कणीक खरवडू लागले. कड राहू नये म्हणून बोट फिरवलं. ओल्या फडक्यानं पुसलं. डेझी जवळ आली तसा एक तुकडा तिला दिला. उरलेली कणीक तळहातावर घेऊन ते मागल्या दारी गेले आणि बारीक बारीक करून टाकू लागले.

निवडुंगाच्या फटीतून आधी शेपूट नसलेली तलंग आली. मग बाकीच्या.

करुणा त्यांच्या मागे येऊन उभी होती.

"तुम्हाला कळलं?" ती म्हणाली.

मास्तर वळले. "म्हणजे तुलाही माहीत होतं?"

"मला काय, सगळ्या आळीला माहीत होतं, पप्पा. तुम्ही चर्चमध्ये सांगितलंत ना, त्या दिवशी आई घरी येऊन भांडी घासता घासता हसत होती. मी विचारलं, पप्पांना सांगू का? तर म्हणाली, सांगितलंस तर बघ."

मास्तर दारात बसले. करुणा त्यांच्याजवळ पायरीवर बसली. पलीकडून बनुबाईनं विचारलं, "आली का गं पोरी? कदी निघायचं म्हंता मग?" करुणानं पायरीवर पडलेला तुकडा उचलून पुढे टाकला. कोंबड्या कणीक टिपत होत्या. डेझी आली, त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि उंबऱ्यावर पसरली.

ईस्टरचं कीर्तन चांगलं झालं. डाव्या पुडीचा आवाज चर्चच्या मागच्या भिंतीपर्यंत घुमला, असं प्रभुदास म्हणाले. सोमवारी सकाळी करुणानं होल्डॉल उघडला. त्यात बनुबाईनं दिलेली शेंगांची पिशवी, कुरडयांचा डबा आणि आईची एक जुनी गोधडी घातली आणि पट्टे आवळले. अंथरूण जागेवरच होतं.

"दुपारच्या गाडीला वेळ आहे अजून," ती म्हणाली. "बसा, पप्पा. थोडं वाजवा. कणीक मी भिजवते."

ती स्वयंपाकघरात गेली. परातीत पाणी ओतल्याचा आवाज आला, मग मळल्याचा. थोड्या वेळानं तिनं येऊन गोळा मास्तरांच्या तळहातावर ठेवला. तिची बोटं ओली होती.

मास्तरांनी गोळा हातात तोलून पाहिला. "जास्त झाली गं."

"असू दे," करुणा म्हणाली. "कोंबड्या वाढल्यात."